राजीनाम्यावर झालेलं ऑपरेशन

गुणवंतमामाचं हर्नियाचं ऑपरेशन त्याच्या राजीनाम्यावर झालं. संमतीपत्रावर नव्हे, राजीनाम्यावर. आणि तो राजीनामा लिहिला होता श्रीरंगने, म्हणजे काटोलच्या शाळेतून मॅट्रिकला इंग्रजीत त्रेसष्ट गुण मिळवून नोकरीच्या शोधात जबलपूरला मामाकडे येऊन पडलेल्या भाच्याने. त्रेसष्ट गुणांचा उल्लेख इथे मुद्दाम केला आहे. ते अठ्ठेचाळीस असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पासष्ट सालचा सप्टेंबर. सीमेवर लढाई पेटलेली आणि इकडे कारखान्यात डबल ओव्हरटाइम. मामा पॅकिंगच्या खात्यात पेट्या उचलायचा. पेटीत काय असतं ते विचारायचं नाही आणि घरी सांगायचं नाही, असा नियम होता. वजन मात्र कुणी लपवलं नव्हतं. ते एका दुपारी मामाच्या आतड्यानेच जाहीर केलं. कारखान्याच्या दवाखान्यातल्या खाटा जखमी जवान येतील म्हणून राखून ठेवलेल्या, त्यामुळे मामाला चिठ्ठी देऊन ओमती नाल्याच्या पलीकडच्या केसरबाई धर्मार्थ हॉस्पिटलात पाठवलं. माणूस कारखान्याचा, म्हणून खर्च कारखान्याचा. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

केसरबाईत नावं लिहून घ्यायला मुन्शी रामकृष्ण बसायचे. तीस वर्षं कोर्टकचेरीत काढून ते इथे आले होते, पण कचेरी त्यांच्यातून निघाली नव्हती. डॉक्टरांच्या राउंडला ते ‘पेशी’, म्हणजे सुनावणी, म्हणायचे आणि पेशंट बरा झाला की ‘बरी’ झाला, म्हणजे निर्दोष सुटला, म्हणायचे. ते चष्म्यावरून बघत श्रीरंगला म्हणाले, “बेटा, कल ऑपरेशन है। मरीज़ का राज़ीनामा लिखवा के लाओ, दस्तख़त के साथ।”

मुन्शीजींच्या कचेरीत राज़ीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. काटोलात राजीनाम्याचा अर्थ एकच, नोकरीला रामराम. श्रीरंग क्षणभर अडखळला. ऑपरेशनसाठी नोकरी सोडायची? मग त्यानेच स्वतःची समजूत घातली: आतडं उतरलेला माणूस आता पेट्या काय उचलणार, हॉस्पिटलवाल्यांना पुढचं दिसत असणार, शिवाय फंडाचे पैसे मोकळे होतील. मुन्शीजींना विचारता आलं असतं. पण विचारलं तर येत नाही हे कळतं, आणि श्रीरंगला सगळं येत होतं.

त्याने इंग्रजीत लिहिला. ‘आय मोस्ट रिस्पेक्टफुली बेग टू रिझाइन’पासून सुरुवात, डाव्या बाजूला समास, खाली ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’. शाळेत वाडेगावकर मास्तरांनी शिकवलेलं की अर्ज नेहमी दोन प्रतींत करावा, एक मूळ, एक माहितीसाठी. मामा वेदनेने भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“कायचा कागद आहे रे?”

“ऑपरेशनचा, मामा.”

मामाने सही केली. मूळ प्रत श्रीरंग सायकलवर जाऊन कारखान्याच्या गेटवर देऊन आला, पोच घेऊन. माहितीची प्रत मुन्शीजींना दिली. मुन्शीजींना इंग्रजी येत नव्हतं; खाली सही दिसली, त्यांनी कागद टोचून फाइलला लावला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि उत्तम झालं.

चार दिवसांनी दोन कागद एकाच दुपारी घरी आले. एक कारखान्याच्या लेबर ऑफिसचा: राजीनामा पोचला, शनिवारी दुपारी दोनच्या आत स्वतः हजर होऊन परत घेतला नाही तर मंजूर समजण्यात येईल. दुसरा केसरबाईचं बिल, त्यावर लाल शाईत ‘खासगी रुग्ण’.

श्रीरंगने दोन्ही वाचून दाखवले. ऐकणारी होती अंजनीमामी.

अंजनीबद्दल आता सांगायलाच हवं, कारण यापुढे बाकीचे फक्त उभे आहेत. छत्तीस वर्षांची ही बाई कुणाशीही बोलू लागली की ऐकणाऱ्याला वाटायचं भांडण चालू आहे, आणि खरं भांडण चालू झालं की ती आवाज खाली आणायची. भाजीवाल्याला ती वेळ विचारायची तीही आरोप केल्यासारखी. श्रीरंगला ती ‘पोट्ट्या’ म्हणायची, वाढताना ‘खा, मेल्या’ म्हणायची आणि त्याची भाकर नेहमी तव्यावरची पहिली, फुगलेली असायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एकदा ऐकलेलं वाक्य तिच्याकडे जन्मभर ठेवीसारखं राहायचं, आणि माणसाला नको त्या वेळी ती ते काढून दाखवायची.

त्रेचाळीस साली, आधीच्या लढाईत, ती चौदा वर्षांची नवरी होऊन वरूडकडून इथे आली. कारखान्याला माणसं हवी होती, गुणवंत लागला होता. लढाई संपली; शहरात पेढे वाटले गेले आणि पुढच्याच वर्षी गुणवंतच्या हातात छाटणीचा कागद पडला. ‘काम संपलं, जा.’ पाच वर्षं त्याला कुणी उभं केलं नाही. त्या पाच वर्षांत घर चाललं ते अंजनीच्या डोक्यावर, अगदी शब्दशः. ती रेजा म्हणून जायची, विटा आणि गारा वाहायला. एक्कावन्नला कारखान्याने गुणवंतला पुन्हा घेतलं. त्याला आता चौदा वर्षं झाली होती, आणि डोक्यावरची ती चुंबळ अंजनीने अजून फेकली नव्हती. खुंटीला टांगून ठेवली होती.

श्रीरंगचं वाचून झालं तेव्हा ती चुंबळीकडे बघत होती.

“म्हणजे तू त्याले नोकरीवरून काढलं,” ती हळू आवाजात म्हणाली.

“मामी, मुन्शीजीच म्हणाले की राजीनामा…”

“कारखानदाराले नाही जमलं ते तुह्या त्रेसष्ट मार्कांनी करून दाखवलं. उठ.”

“कुठे?”

“हॉस्पिटलात. शनवारले तीन दिवस आहेत. माणूस उभा करून कारखान्यात न्याचा आहे.”

क्वार्टरच्या ओळीतून जाताना दोघीतिघी दारात उभ्या होत्या. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. एकजण मुद्दाम मोठ्याने म्हणाली, “लड़ाई लगी है और मरद इस्तीफ़ा दे रहे हैं। भगोड़े!” अंजनी थांबली नाही. श्रीरंगला मात्र त्या दिवशी कळलं की राजीनाम्याला हिंदीत इस्तीफ़ा म्हणतात. उशिरा मिळालेलं ज्ञान.

केसरबाईचे व्यवस्थापक बापूसाहेब. मूळचे साताऱ्याकडचे, जबलपुरात तीस वर्षं झाली, पण भाषा त्यांनी इस्त्री करून कपाटात ठेवावी तशी जपलेली. त्यांच्या टेबलावर काचेखाली गणपती आणि डोक्यावर पाटी: ‘बिल भरल्याशिवाय सुट्टी मिळणार नाही’. मामाचं धोतर आणि सदरा मुन्शीजींच्या कपाटात कुलपात होते. इथली पद्धतच ती. आल्या दिवशी हॉस्पिटलचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा द्यायचा आणि कपडे ठेवून घ्यायचे. त्या लेंग्यात माणूस रस्त्यावर दिसला की चौकीदार नथ्थूने धरून परत आणायचा. दोरखंड लागत नव्हते.

“बाई, तुमचे यजमान आता कारखान्याचे नोकर नाहीत,” बापूसाहेब म्हणाले. “हे पाहा त्यांचं स्वतःचं पत्र. इंग्रजी उत्तम आहे हो, कुणी लिहिलं?”

श्रीरंगने पायांकडे बघितलं.

“तेव्हा कारखाना पैसे देणार नाही. तुम्ही द्यायचे.”

“वाच रे बिल,” अंजनी म्हणाली.

श्रीरंग वाचू लागला. खाट, ऑपरेशन, औषधं, ड्रेसिंग. मग आलं, “ब्लॅकआऊट, तीन रुपये.”

“हे काय आहे?”

“खिडक्यांना काळे कागद लावले आहेत. विमानं आली तर? पेशंटच्या सुरक्षिततेसाठीच ना.”

“माह्या नवऱ्याच्या खाटेले खिडकीच नाही. तो व्हरांड्यात, जिन्याखाली पडून आहे.”

“वाटणी सगळ्यांना सारखी येते, बाई.”

“सैनिक कल्याण निधी, पाच रुपये, ऐच्छिक,” श्रीरंगने पुढचं वाचलं.

“ऐच्छिक म्हणजे?”

“म्हणजे आपल्या इच्छेने, मामी.”

“कोणाच्या इच्छेने?”

बापूसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “वाद घालायला मला वेळ नाही. पैसे भरा, कपडे घ्या, नवरा घ्या. नाही तर रोजचं खाटभाडं वर चढत राहील.”

“शनवारी दोनच्या आत तो कारखान्यात उभा नाही राहिला तं नोकरी जाईल. नोकरी गेली तं तुम्हाले पैसे कोण देईल? सोडा त्याले, तो राजीनामा वापस घेईल, मंग कारखानाच तुमचं बिल भरेल.”

“आणि तो नाही परतला तर? मी माणसं सोडायला लागलो तर हॉस्पिटलचे शेठजी मला सोडतील.”

अंजनी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, “मी अडाणी आहे, मले समजावून सांगा. माणूस नोकरीवर असन तर कारखाना देईल. नोकरीवर नसन तर तो गरीब झाला. गरिबाचं तं इथे फुकट आहे. यांच्या मंधात तिसरं काय आहे, ज्याच्यासाठी तुम्ही त्याचं धोतर दाबून बसले?”

“फुकट?” बापूसाहेब हसले. “कुणी सांगितलं?”

“तुमच्या दगडाने.”

“कोणता दगड?”

ते हे इतक्या सहज म्हणाले की श्रीरंगला खरंच वाटलं, मामीला भास झाला असेल. बापूसाहेबांनी मुन्शीजींना हाक मारली. मुन्शीजी एक कागद घेऊन आले.

“अर्ध्यावर मिटवू. निम्मे आत्ता, निम्मे दिवाळीपर्यंत. उपचार समाधानकारक, बिल मान्य, कसलीही तक्रार नाही, एवढं लिहिलं आहे. अंगठा करा. मुन्शीजी, काय म्हणता तुम्ही याला?”

“राज़ीनामा, साहब,” मुन्शीजी म्हणाले.

अंजनीने अंगठा पदरात गुंडाळला. “तो शब्द माह्यासमोर काढू नका,” ती म्हणाली आणि बाहेर आली.

फाटकाशी येऊन ती डाव्या बाजूला थांबली. हवाई हल्ल्याच्या भीतीने शहरभर मोठ्या इमारतींपुढे वाळूची पोती रचली होती. केसरबाईच्या फाटकाशीही छातीएवढी भिंत होती. पण उजव्या बाजूला, जिथे खरोखर माणसं बसायची, तिथे दोनच थर, आणि डावीकडे मात्र आठ.

“दगड याच्यामागं आहे,” अंजनी म्हणाली.

मग तिने जाता जाता सांगितलं. सत्तेचाळीस साली ही इमारत बांधली जात होती आणि ती इथे रेजा होती. फाटकाजवळ बसवायचा संगमरवरी दगड चौघी बायांनी उचलून आणला. उतरवताना तो अंजनीच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर आला. नख निघालं. पट्टी मागायला गेली तर मुकादम म्हणाला, हॉस्पिटलचं उद्घाटन व्हायचं आहे, आत्ता कुठली पट्टी. मग उद्घाटन झालं. शेठजींनी दगडावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या, रेजांना एकेक लाडू मिळाला. अंजनीने एका पायावर उभं राहून ते ऐकलं होतं.

“काय लिहिलं होतं, मामी?”

“तेच तं वाचाचं आहे. माह्यं सांगणं कोण मानते? माह्याजवळ नुसतं नख नाही, अन् त्याच्याजवळ दगड आहे.”

गुरुवार, शुक्रवार पैशांसाठी वणवण करण्यात गेले. मामाच्या खात्यातली माणसं ओव्हरटाइमवर. शेजारी भगोड्याला काही द्यायला तयार नाहीत. शनिवारी सकाळी अकराला अंजनी केसरबाईच्या फाटकाशी आली, पदर खोचला आणि वरचं पोतं ओढून खाली टाकलं.

नथ्थू स्टुलावरून उठला. “दीदी! ये क्या कर रही हो? बम पड़ गया तो?”

“पडला तं बापूसाहेबांच्या बिलात लावून टाकजो.” दुसरं पोतं खाली आलं. “पोट्ट्या, तू काय बघून राहिला? अर्ज करून राहिला का मनात?”

श्रीरंग पुढे झाला. पोती ओली, जड. तिसऱ्या पोत्याला त्याचा सदरा फाटला. चौथं त्याच्या हातून निसटलं, फाटकाच्या खिळ्याला अडकलं आणि फुटलं. वाळू सगळी रस्त्यावर. (इथेही चूक श्रीरंगचीच, हे नोंदवून ठेवावं.)

तोवर माणसं जमू लागली होती. ती रस्त्यावरची नव्हती, आतलीच होती: पेशंटचे नातेवाईक, डबे घेऊन आलेले, बाकावर पेंगणारे. अधारतालकडचा एक रिक्षावाला, ज्याचा भाऊ आत होता. शहपुऱ्याची एक म्हातारी, जिच्या सुनेच्या पायातले तोडे कपड्यांबरोबर कपाटात गेले होते. कुणीतरी पाचवं पोतं धरलं. म्हातारीने काहीच उचललं नाही, पण ती इतक्या शिव्या देत होती की पोती हलकी झाल्यासारखी वाटली.

शिट्टी वाजली. डोक्यावर लोखंडी टोपी घातलेला नागरी संरक्षणाचा वॉर्डन ओमतीकडून सायकल हाणत आला.

“किसके हुक्म से? ये सरकारी बोरियाँ हैं! थाने में बंद करवा दूँगा!”

“करवा देना, भैया,” अंजनी म्हणाली. तिची हिंदी ही मराठीलाच हिंदीचा सदरा घालून उभी केलेली असायची. “लेकिन पहिले ये पत्थर पढ़ के जाना।”

आणि दगड दिसला. खालचे दोन थर राहिले होते, ते रिक्षावाल्याने एका लाथेत सारले. संगमरवर हिरवट पडला होता, अक्षरांत वाळू भरली होती. अंजनीने पदराने पुसला.

बापूसाहेब बाहेर आले ते धावत नव्हे, पण चष्मा लावायला विसरून. “हा काय तमाशा आहे? हवालदाराला बोलवा!”

“श्रीरंग, वाच,” अंजनी म्हणाली.

श्रीरंगने दगडाकडे बघितलं. हिंदी. संस्कृत वळणाचे लांब शब्द. प्रत्येक शब्द त्याला ओळखीचा वाटत होता आणि आता त्याचीच भीती वाटत होती. राजीनामाही ओळखीचाच वाटला होता.

“याला हिंदी येते का?” बापूसाहेब लोकांकडे वळून म्हणाले. “याच विद्वानाने मामाची नोकरी घालवली. विचारा याला!”

लोक त्याच्याकडे बघत होते, तो दगडाकडे. आणि मग मागून खोकल्याचा आवाज आला. मुन्शी रामकृष्ण हातात रजिस्टर घेऊन पायऱ्या उतरत होते. श्रीरंगवर त्यांचा राग होताच. तीस वर्षांत त्यांच्या शब्दाचा असा अनर्थ कुणी केला नव्हता. पण कागदावर किंवा दगडावर लिहिलेलं कुणी वाचू देत नाही, हे कचेरीतल्या माणसाला त्याहून सहन होत नसावं.

“हटो,” ते म्हणाले. घसा साफ केला आणि निकाल वाचावा तसं वाचलं. “यह भूमि शासन से एक रुपया वार्षिक भाड़े पर इस शर्त पर प्राप्त हुई कि पच्चीस में से आठ शय्याएँ निर्धन रोगियों के लिए रहेंगी, और उनसे शय्या, शल्यक्रिया, औषधि अथवा भोजन का कोई शुल्क नहीं लिया जाएगा।”

वॉर्डनने सायकल भिंतीला टेकवली.

“आठ?” शहपुऱ्याची म्हातारी म्हणाली. “तो मेरी बहू कौन-सी पे है?”

“मुन्शीजी, आत जा,” बापूसाहेब म्हणाले.

मुन्शीजी गेले नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडलं. “मुफ़्त खाटों के ख़ाने में आठ नाम दर्ज हैं। दो शेठजी के मुनीम। एक मुनीम का ससुर। तीन दुकान के आदमी। एक ख़ाली, मगर भरी लिखी है। और एक…” त्यांनी वर बघितलं, “साहब के साढ़ू।”

“साडू कायले पडला?” अंजनीने विचारलं.

“बवासीर,” मुन्शीजी म्हणाले. म्हणजे मूळव्याध.

हसू फुटलं आणि मग थांबलं. कारण हसणाऱ्यांपैकी अर्ध्यांनी याच महिन्यात दागिने मोडले होते. रिक्षावाला बापूसाहेबांच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. वॉर्डनने टोपी काढून दगड स्वतः पुन्हा वाचला, ओठ हलवत. ठाण्यात टाकायची भाषा त्याने सोडून दिली.

बापूसाहेबांचा चेहरा असा झाला होता की त्यात लाज शोधणाऱ्याची निराशा झाली असती. होता तो निव्वळ संताप, आणि तो मुन्शीजींवर जास्त होता. “तुमचा हिशेब मी संध्याकाळी करतो,” ते त्यांना म्हणाले. मग अंजनीकडे वळले. “घेऊन जा तुझा नवरा. कारखान्याकडून पैसे येवोत न येवोत, मला तोंड दाखवू नकोस. पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही.”

इतका वेळ ‘तुम्ही’ असलेली बाई ‘तू’ झाली होती. अंजनीच्या ते लक्षात आलं.

“ठेवला होता, बापूसाहेब. सत्तेचाळीस साली. नख अजून तुमच्याच जवळ आहे.”

कपाट उघडलं. धोतर, सदरा मिळाले. मामाने लेंगा उतरवून धोतर नेसायला जितका वेळ घेतला तितका त्याने आयुष्यात कशालाच घेतला नव्हता; एक हात सारखा टाक्यांवर. रिक्षावाल्याने पैशांची गोष्ट काढली नाही. “बैठो काका,” एवढंच म्हणाला. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मामाने नाव घेऊन मोजला आणि प्रत्येक नाव श्रीरंगचं होतं.

“भाचेबुवा,” तो कण्हत म्हणाला, “तुह्या नोकरीचं काय झालं?”

“अजून कुठे लागून राहिली, मामा.”

“बरं आहे. लागली की मी जाऊन राजीनामा देऊन येईन तुह्या वतीने.”

लेबर ऑफिसच्या खिडकीशी पोचले तेव्हा दोनला वीस मिनिटं होती. बाबूने मामाला वरपासून खालपर्यंत बघितलं. “लड़ाई के वक़्त इस्तीफ़ा! शर्म नहीं आई?”

मामाला बोलायचं होतं, पण उभं राहण्यातच सगळा दम जात होता. अंजनी पुढे झाली. “बाबूजी, पोट्टा समजला मराठीत, लिहिलं इंग्रजीत, आन् भोगून राहिलो आम्ही हिंदीत.”

बाबूला अर्धंच कळलं असावं. पण मुन्शीजींचा शब्द कळल्यावर तो पाठीमागच्या माणसाला बोलावून पुन्हा सांगायला लावू लागला आणि दोघं टेबलावर हात मारून हसले. त्या हसण्यात मायेचा अंश नव्हता. संबंध दुपार त्यांना पुरेल असा मसाला मिळाला होता. हसता हसता घड्याळ पुढे चाललं होतं.

“अच्छा, चलो,” बाबू डोळे पुसत म्हणाला. “वापसी की अर्ज़ी लिखो। ये लो क़लम, कौन लिखेगा?”

श्रीरंगचा हात सवयीने पुढे गेला. अंजनीने तो मनगटात पकडला.

“तू नको,” ती म्हणाली. “बाबूजी, आप लिखो। इसके हाथ में अब सिर्फ़ झाड़ू देंगे।”

बाबूने दोन ओळी खरडल्या. ना समास, ना ‘मोस्ट रिस्पेक्टफुली’. मामाने सही केली, शिक्का बसला, आणि खिडकी बंद झाली. मामाच्या सर्व्हिस बुकात लाल शाईचा एक शेरा राहिला तो राहिलाच, पण चौदा वर्षं वाचली. दीड महिन्याने तो कामावर गेला. पेट्या उचलायला नाही, पेट्यांवर नंबर रंगवायला. केसरबाईचं बिल कारखान्याने भरलं, ब्लॅकआऊट आणि ऐच्छिक वगळून. मुन्शी रामकृष्णांना त्याच आठवड्यात घरी बसवलं. अंजनी एकदा त्यांच्या घरी ज्वारीचं पीठ घेऊन गेली होती. ते घेतलं त्यांनी, पण श्रीरंगला दारात बघून म्हणाले, “इसको बाहर ही रखो।”

आठवड्याभरात लढाई थांबली. शहरातली पोती हळूहळू निघाली. कुणी वाळू घराच्या भरावाला नेली, कुणी पोत्यांत गहू भरले. केसरबाईपुढची मात्र निघाली नाहीत. उलट रस्त्यावर पडलेली नथ्थूकडून पुन्हा रचून घेतली. पूर्ण रचली गेली नाहीत, कारण एक पोतं फुटलं होतं. नेमकं दगडाच्या उजव्या अंगाला, वरच्या थरात, दात पडावा तशी फट राहिली. त्या फटीतून वाकून बघितलं तर ‘निर्धन’ आणि ‘कोई शुल्क नहीं’ एवढं दिसायचं. शहपुऱ्याकडून येणारे लोक एकमेकांना ती फट दाखवू लागले होते.

वॉर्डनने घरी नोटीस धाडली. सरकारी मालमत्ता, वाळूने भरलेली बोरी, नग एक, संबंधिताने पंधरा दिवसांत जागेवर आणून द्यावी. संबंधित म्हणजे श्रीरंग. नथ्थूने साक्ष दिली होती.

निदान एक चूक तरी निस्तरावी म्हणून श्रीरंग एका रविवारी ग्वारीघाटावर गेला, पोतंभर वाळू भरली आणि सायकलच्या कॅरिअरवर दोरीने आवळून, हात लावत लावत, घामाघूम होऊन आणली. अंजनी अंगणात भांडी घासत होती.

“कायले आणली?”

“बोरी भरून देतो, मामी. नोटीस आहे ना.”

“कुठे ठेवतील ते?”

“जागेवर. जिथली फुटली…” श्रीरंग बोलता बोलता थांबला.

अंजनीने राखेचा हात धुतला, दोरी सोडली आणि पोतं कोपऱ्यात लोटून दिलं. त्या वाळूत तिने थोडं आलं पुरून ठेवलं, उरलेली भांड्यांना घेतली.

वॉर्डन अजून कधी ओमतीच्या चौकात भेटतो. आता टोपी नसते, सायकल तीच. लांबूनच ओरडतो, “क्यों बाबू, वो एक बोरी?”

“आज-उद्या, भैया,” श्रीरंग सांगतो आणि पायडल मारतो.

वॉर्डनला मराठी येत नाही. त्याने उद्याचा काय अर्थ लावून घेतला आहे, हे श्रीरंगने विचारलेलं नाही.